ताटातलं नाव

“या तिघी कोण?” खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं.

त्यांनी तीन कागद काउंटरवर ओळीनं मांडले होते. पहिलं मुंबईचं पदविकेचं प्रमाणपत्र, सगुणा यशवंत ताम्हाणे या नावाचं. दुसरा पासपोर्ट, नीलांबरी श्रीनिवास टिपणीस. तिसरं ठाण्याच्या एका डॉक्टरांचं पत्र. या बाईंनी आमच्या लॅबोरेटरीत पाच वर्षं उत्तम काम केलं, असं त्यात होतं. बाईंचं नाव नुसतंच ‘मिसेस टिपणीस’.

“तिघी एकच आहेत,” मी म्हणालो. “ही.”

आणि शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे मी बोट दाखवलं. साडीवर जाड ओव्हरकोट, पायात गुडघ्यापर्यंत बूट, आणि कोटाचं खालचं बटण धरून उभी असलेली आमची चार वर्षांची शरू.

बाईंचं नाव मिसेस ओल्सन. साठीच्या असाव्यात. वाईट नव्हत्या, हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र त्या मला कैदाशीण वाटल्या होत्या.

“लग्नानंतर आडनाव बदललं, ते समजलं. पहिलं नाव का बदललं?”

“आमच्यात बदलतात.”

“कोण बदलतं?”

“नवरा.”

“म्हणजे तुम्ही. आणि मधलं? श्रीनिवास कोण?”

“मीच.”

“मग आधीचे यशवंत?”

“तिचे वडील.”

मिसेस ओल्सननी चष्मा काढून कागदांवर ठेवला. “माझंही आडनाव बदललं. पण रूथ होते ती रूथच राहिले. यांची तिन्ही बदलली. मग उरलं काय?”

माझी बायको फिसकन हसली. मला तिचा राग आला. परक्या देशात, सरकारी खिडकीसमोर, आपल्यावरच्या विनोदाला आपणच हसायचं म्हणजे काय?

नियम सरळ होता. तिन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारा सरकारी कागद आणा, नाहीतर तिला दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या माणसाची शपथ. नवरा चालणार नाही. चौदा मार्चच्या शुक्रवारपर्यंत काय ते आणा, म्हणजे लॅबोरेटरीतल्या कामासाठीच्या एप्रिलच्या परीक्षेला बसता येईल. पुढची परीक्षा ऑक्टोबरात.

“तुमच्या देशात नाव बदललं की सरकारात जाहीर होत नाही?” त्यांनी विचारलं.

“होतं. राजपत्रात.”

“मग तेच आणा.”

“मागवतो,” मी म्हणालो.

मागवण्यासारखं काही नव्हतं. ती जाहिरात मी कधी दिलीच नव्हती. लग्नानंतर फॉर्म आणला होता, अर्धामुर्धा भरलाही होता. पुढं त्याचं काय झालं ते आठवत नव्हतं. पासपोर्टाच्या वेळी माझ्या एका पत्रावर भागलं, आणि ते पत्र तिकडच्या फायलीत राहिलं. हे सगळं बायकोला तिथंच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. तेवढं धैर्य माझ्यात तेव्हा नव्हतं. आता आलंय असंही नाही.

ही गोष्ट १९७५ सालची. कॅनडाच्या मैदानी भागातल्या त्या गावात येऊन आम्हांला दीड वर्ष झालं होतं. यायचा हट्ट माझा. माझ्याकडे ग्रंथालयशास्त्राची पदवी होती, आणि तिकडे मोठमोठी ग्रंथालयं आहेत असं मी पुस्तकांतच वाचलं होतं. ग्रंथालयांनी मला गोड शब्दांत इथला अनुभव विचारला. तो नव्हता. मग एका छापखान्याच्या गोदामात टेलिफोन डिरेक्टऱ्या बांधायचं काम मिळालं. दिवसभर पुस्तकंच हाताळत होतो म्हणा, पण आत नुसती नावं. आमच्या गावाच्या डिरेक्टरीत टिपणीस एकच होता.

बायको घरात. हीटरची खरखर, खिडकीला चिकटलेलं बर्फ आणि शरू. गावातल्या हॉस्पिटलच्या लॅबोरेटरीत एक जागा निघाली होती. तिथल्या मुख्य बाईंनी तिच्याशी बोलून, सूक्ष्मदर्शकावर तिचा हात बघून, परीक्षा पास झालीस तर जागा तुझी, असा शब्द दिला होता. पण जागा ऑक्टोबरपर्यंत थांबणार नव्हती. सहा महिने ती शरूला झोपवून परीक्षेचं जाडजूड पुस्तक वाचत होती. दोघांपैकी एकाला तरी आपलं काम मिळालं, तर हा सगळा खटाटोप अगदीच मूर्खपणाचा ठरणार नाही, असं मला वाटायचं.

कचेरीतून बाहेर पडलो. बसथांब्यापर्यंतचा रस्ता काचेसारखा गोठलेला. शरूला कडेवर घेऊन ती पुढं चालत होती.

“नीलांबरी! जपून!”

ती चालतच राहिली. मग क्षणभरानं थबकली, वळली. “मला म्हणालात?”

“नाहीतर काय त्या ओल्सनबाईला?”

तिची ही जुनी खोड. हाक मारली की एक क्षण जायचा, मग ती ओ द्यायची. लग्न नवं होतं तेव्हा मला ते लाजणं वाटलं. मग वाटलं, विचारात असते. पुढं पुढं, दमून आलेलो असलो की, ती मुद्दामच करते असं वाटायचं. एकदा तर कानाच्या डॉक्टरांना दाखवू या, असंही मी म्हणालो होतो. त्यावर ती म्हणाली होती, “कान चांगले आहेत माझे.”

रविवारी कर्णिक आले. दहा वर्षांपूर्वी आलेले, म्हणून आमच्यात सर्वज्ञ. टोरांटोहून त्यांनी कडवे वाल आणून दिले होते. बायकोनं ते हीटरवर फडक्यात बांधून मोड आणले होते आणि टेबलाशी बसून सोलत होती. मी सगळी हकिकत सांगितली.

“हात्तिच्या, एवढंच ना?” कर्णिक म्हणाले. “मी घेतो शपथ. वहिनी पेणच्या, मीही पेणचा. परकर-पोलक्यातल्या सगुणेला मी ओळखत होतो, लग्नातही जेवलो. झालं! टिपणीस, या देशात कागद बोलतो हो, माणूस नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. “चहा टाक गं,” मी म्हणालो.

ती उठली नाही. वाल सोलत तिनं विचारलं, “भाऊजी, पेणला आमच्या घरासमोर काय होतं?”

“तुमच्या घरासमोर? देऊळ असेल की. नाही का?”

“गणपतीचा कारखाना होता. श्रावणात रंगाच्या वासानं डोकं उठायचं.”

“अहो वहिनी, ती ओल्सन थोडीच हे विचारणार आहे?”

“ती नाही विचारणार. मी विचारतेय.”

“घ्या!” कर्णिक माझ्याकडे वळले. “तुमच्या घरातच वकील बसलाय!”

“तुम्ही आमच्यासाठी खोटं बोलायला तयार झालात, हे मी विसरणार नाही,” ती म्हणाली. “पण सगुणेला ज्यांनी कधी पाहिलं नाही, त्यांनी तिची शपथ घ्यायची नाही.”

शरू टरफलांशी खेळत होती. तिनं मान वर केली. “आई, सगुणा कोण?”

“होती एक,” ती म्हणाली. “पेणला.”

कर्णिकांनी जाता जाता दुसरी युक्ती सुचवली. लग्नपत्रिका दाखवा, फोटो दाखवा. बाई आहे, विरघळेल. पत्रिका सापडेना. मला सवय अशी की हाताला येईल तो कागद पुस्तकात खूण म्हणून घालायचा, आणि पुस्तकं तर दोन ट्रंका भरून आणलेली. फोटो मात्र अल्बममध्ये होता.

मंगळवारी गोदामातून दोन तास सुटी मागून आम्ही परत खिडकीशी गेलो. मुकादमानं सुटी दिली, पण अशा तोंडानं, की नसती दिली तर बरं. मी फोटो पुढं सरकवला. पाटावर मी, मुंडावळ्या बांधलेला, माझ्या हातात अंगठी. पुढं ताट, ताटात पसरलेले तांदूळ, तांदळांत लिहिलेलं नाव. शेजारी ती.

मिसेस ओल्सननी फोटो दिव्याखाली धरला. “हा भात आहे?”

“कच्चे तांदूळ. त्यात सोन्याच्या अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहायचं. हेच ते. नीलांबरी.”

“मला वाचता येत नाही.”

“मी वाचून दाखवतो ना.”

“मग ती तुमचीच साक्ष झाली.” त्या फोटोकडे बघत राहिल्या. “आणि पुढं? त्या तांदळांचं काय होतं?”

खरंच, काय होतं?

“ताट उचलतात,” माझी बायको म्हणाली. “उचललं की पुसलं जातं.”

“फोटोत तू ताटाकडे बघत नाहीयेस,” मिसेस ओल्सन तिला म्हणाल्या.

“आई दारात उभी होती.”

त्या दोन बायकांमध्ये मी नसतो तरी चाललं असतं, असं मला वाटून गेलं. मग मिसेस ओल्सननी खणातून एक कोरा फॉर्म काढला.

“दुसरा मार्ग आहे. सोपा आहे. प्रमाणपत्रावरचं नाव बदलता येत नाही. पण माणसाचं येतं. इथल्या कायद्यानं हिनं आपलं नाव प्रमाणपत्राप्रमाणे करून घ्यायचं. सगुणा टिपणीस. आडनाव लग्नानं बदललं, एवढं नियमात बसतं. हा अर्ज शुक्रवारपर्यंत माझ्याकडे आला, तर मी परीक्षेची फाइल थांबवणार नाही. फक्त इथं, खाली, नवऱ्याची संमतीची सही लागते.”

बायकोनं हात पुढं केला. माझा हात आधी पोचला.

“आम्ही विचार करतो,” मी म्हणालो.

घरी येऊन तिनं शरूचे बूट काढले, मोजे हीटरवर वाळत टाकले आणि मग विचारलं, “विचार कसला करायचाय?”

“घाई कशाला? मी तुझ्या दादाला लिहितो. तो राजपत्राचं बघेल.”

“पत्र जायला पंधरा दिवस, यायला पंधरा. शुक्रवार परवाच्या पलीकडे आहे.”

“मग ऑक्टोबरात बस.”

“आणि जागा?”

“दुसरी निघेल. मी नाही डिरेक्टऱ्या बांधत?”

“तुम्ही बांधता म्हणून मी पण हात बांधून बसू?”

माझा आवाज चढला. तो फारसा चढत नाही, आणि चढला की मलाच परका वाटतो. “अगं, आठ वर्षं या नावानं संसार केलास. माझ्या घरच्यांना काय सांगू? मी हौसेनं ठेवलेलं नाव एका कारकूनबाईच्या सांगण्यावरून पुसून टाकायचं?”

“हौस तुमची. मी मागितलं नव्हतं.”

“तुझ्यासाठीच ठेवलं ना?”

“माझ्यासाठी?” ती तिथंच, ओले मोजे हातात घेऊन, माझ्याकडे बघत राहिली. “वन्संनी सांगितलंय मला. कॉलेजात असल्यापासून तुमच्या वहीत लिहिलेलं होतं ते. तुम्ही मला पाहायच्या चार वर्षं आधी. मी काय, कुणीही आली असती तरी नीलांबरीच झाली असती.”

ते खरं होतं. कुठल्या पुस्तकात मला ते नाव भेटलं हेसुद्धा मी विसरलो होतो. नाव तेवढं जपून ठेवलं होतं. ‘सगुणा’ मला जुनाट वाटलं होतं, शेणानं सारवलेल्या अंगणासारखं. तिच्या आजीचं नाव होतं ते. मी विचारलं नव्हतं, नंतर कळलं.

बुधवार असाच गेला. जेवायला वाढणं, पाणी देणं, सगळं वेळेवर, पण तोंडातून शब्द नाही. फॉर्म टेबलावर मिठाच्या बरणीखाली. शरू दोघांकडे आळीपाळीनं बघायची.

गुरुवारी वादळामुळं गोदाम दुपारीच बंद झालं. घरी आलो तर बायको पुस्तक उघडून बसलेली, जणू परीक्षा होणारच आहे. ते बघून मी जास्तच चिडलो. ट्रंका ओढल्या आणि एकेक पुस्तक धरून झटकायला लागलो. पत्रिका सापडली पाहिजे. पत्रिकेत सगुणेचं नाव होतं, माझं होतं. नीलांबरीचं नव्हतंच, म्हणजे पत्रिकेचा काडीचा उपयोग नव्हता, हे मला कळत होतं. तरी मी झटकत होतो. बसची तिकिटं पडली, शरूच्या लशीची चिठ्ठी पडली, ठाण्याच्या वाण्याची यादी पडली. शरूला खेळ वाटला. तीही एक पुस्तक घेऊन हलवायला लागली आणि त्यातून एक घडी घातलेला कागद खाली आला.

“बाबा, हे बघा!”

मी घडी उलगडली. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करण्याचा अर्ज. जुने नाव : सगुणा यशवंत ताम्हाणे. नवीन नाव : नीलांबरी श्रीनिवास टिपणीस. अक्षर माझं, वळणदार. खाली तिच्या सहीची जागा कोरी, तारखेची जागा कोरी. सात वर्षं तो कागद माझ्याच पुस्तकात होता. समुद्र ओलांडून आला होता.

घडी घालून खिशात टाकावा, असं पहिल्यांदा मनात आलं. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं. मान वर केली तर ती समोर उभी.

“मी दिलीच नव्हती जाहिरात,” मी म्हणालो. “त्या दिवशी खिडकीशी मला माहीत होतं. मागवतो, दादाला लिहितो, सगळं खोटं. हे सगळं माझ्यामुळं झालं.”

तिनं कागद घेतला, बघितला, पुन्हा घडी घातली. आश्चर्य वाटल्याचं काही तिच्या तोंडावर दिसेना.

“हा त्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडात होता,” ती म्हणाली. “कुठल्या ट्रंकेत पडला, आठवत नव्हतं मला.”

“म्हणजे?”

“ठाण्याला, पहिल्या दिवाळीच्या साफसफाईत सापडला होता. पुस्तकं पुसताना. परत होता तिथं ठेवला. इकडे येताना ट्रंका मीच भरल्या की. तेव्हाही ठेवला.”

“मग मला बोलली का नाहीस?”

“बोलले असते, तर तुम्ही भरला असता.”

बाहेर वारा खिडकीला धडका देत होता. शरू पुस्तकं झटकत होती; तिला अजून कागद हवे होते.

“एकदा छापून आलं की मग संपलंच,” ती म्हणाली. “म्हटलं, असू दे कुठंतरी. निदान सर्टिफिकेटावर.” मग जरा हसली, खिडकीशी हसली होती तशीच. “आता त्याच सर्टिफिकेटानं अडवलं. तेव्हा सगळा दोष तुम्ही घेऊ नका. अर्धा माझा.”

मी उठलो. मिठाची बरणी उचलली. फॉर्मवर बरणीच्या तळाचं गोल ओलसर वर्तुळ उमटलं होतं. खाली संमतीच्या जागी सही केली. सही वेडीवाकडी आली. माझीच आहे का, असं कुणी विचारलं असतं तर मलाही शपथ घ्यावी लागली असती. ती बघत होती. “चहा टाकते,” म्हणाली. दोन दिवसांनी नेहमीसारखं बोलली.

शुक्रवारी मिसेस ओल्सननी फॉर्म घेतला, वर्तुळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला.

एप्रिलात परीक्षा झाली. ती पास झाली, चांगली पास झाली. जूनमध्ये कामावर रुजू झाली.

पहिल्या आठवड्यात एकदा मी गोदामातून सुटल्यावर शेजारणीकडून शरूला घेऊन तिला आणायला हॉस्पिटलात गेलो. लांबच लांब मार्गिका, औषधांचा वास. ती दुसऱ्या टोकाला होती. पांढरा कोट, हातात काचपट्ट्यांचा ट्रे, आमच्याकडे पाठ. मी हाक मारणार, तेवढ्यात एका दारातून कुणी पोरसवदा मुलगी डोकावली.

“सॅगूना!”

उच्चार धड नव्हता. हाक पुरती तोंडाबाहेरही पडली नव्हती. आणि ती वळली. ट्रे हातात असताना, सगळ्या अंगानं, झटकन. हाक शेतावरून आली काय, माजघरातून आली काय, घरच्या पोरीनं वळावं तशी. त्या मुलीनं काहीतरी विचारलं, तिनं काहीतरी सांगितलं, दोघी हसल्या.

आठ वर्षांत माझ्या हाकेला ती अशी कधीच वळली नव्हती. मधला तो एक क्षण कुठं जायचा, ते मला तिथं उभं राहून कळलं. दर वेळी, दिवसातून दहा वेळा, ती आधी ठरवायची, की हे मला आहे.

“बाबा, हाक मारा ना आईला,” शरू म्हणाली.

मी तोंड उघडलं. एक नाव मी दिलं होतं, त्यानं हाक मारवेना. दुसरं पुसायला निघालो होतो, ते घ्यायचा हक्क वाटेना.

“अगं,” मी म्हणालो.

ती वळली.

तेव्हापासून मी तेवढंच म्हणत आलोय. नातवंडं चिडवतात, आजोबा आजीला नावानं का हाक मारत नाहीत म्हणून. जुन्या वळणाचा माणूस आहे, असं शरू त्यांना समजावते. मी ते खोडून काढत नाही.